राहणाऱ्यांना विचारले का?

परक्या मुलखात तीन दिवस राहून आलेला माणूस ज्या ठामपणे बोलतो, त्या ठामपणे तेथे तीस वर्षे काढलेला माणूस सहसा बोलत नाही. पहिल्याला सारे स्वच्छ दिसलेले असते. दुसऱ्याला अपवाद आठवत असतात. रविवारच्या पुरवण्यांतील प्रवासवर्णने वाचताना हे नेहमी जाणवते. 'तेथील लोक आळशी आहेत', 'तेथील लोक फार प्रेमळ आहेत', 'त्यांची संस्कृती आता लयाला चालली आहे' अशी विधाने लेखकाने परतीच्या विमानात पाय ठेवण्यापूर्वीच तयार केलेली असतात.

माझा भाचा अलास्कातील अँकरेज शहरी नोकरीस आहे. उन्हाळ्याच्या सुटीत त्याच्याकडे गेलो असता जूनच्या अखेरीस मला उत्तर ध्रुवसागराच्या काठावरील उत्किआग्विक या गावी तीन दिवस राहण्याची संधी मिळाली. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील हे अगदी उत्तरेचे गाव. परतल्यावर आपल्या वार्षिकाच्या संपादक-विद्यार्थ्यांनी प्रवासवर्णन मागितले. ते मी देत नाही. तीन दिवसांच्या भांडवलावर एका समाजाविषयी निकाल देण्याचा अधिकार कोणालाच नाही, असे माझे मत आहे, आणि त्या गावाचा गेल्या साठ वर्षांचा इतिहास हाच या मताचा सर्वांत भक्कम पुरावा आहे. आमच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकात टुंड्रा प्रदेशाला जेमतेम दीड पान असते. विद्यार्थी मित्रांनी तो धडा गाळू नये, एवढ्यासाठी तरी हे लिहीत आहे.

गावाचे नाव प्रथम सांगितले पाहिजे. २०१६ पर्यंत नकाशावर या गावाचे नाव 'बॅरो' असे होते. १८२६ साली ब्रिटिश आरमाराचा कप्तान फ्रेडरिक बीची याच्या मोहिमेने जवळच्या भूशिराला आरमार खात्यातील अधिकारी सर जॉन बॅरो यांचे नाव दिले. बॅरोसाहेबांनी ते भूशिर जन्मात पाहिले नाही. नाव मात्र पुढे गावालाही चिकटले. ऑक्टोबर २०१६ मध्ये गावाने मतदान घेतले. जुने इनुपिआक नाव घ्यावे या बाजूने ३८१ मते पडली, विरुद्ध ३७५. अवघ्या सहा मतांनी गाव उत्किआग्विक झाले. या नावाचा अर्थ रानातील कंदमुळे गोळा करण्याची जागा असा सांगतात. 'उक्पिआग्विक' असे आणखी एक जुने नाव आहे, त्याचा अर्थ पांढऱ्या घुबडांच्या शिकारीची जागा, आणि तेच खरे असे म्हणणारे लोकही गावात आहेत. गावाच्या नावावरून घराघरांत मते कशी पडतात हे बेळगावच्या वाचकांना, मग ते या अंकाच्या मराठी विभागाचे असोत वा कन्नड विभागाचे, मी निराळे सांगण्याची गरज नाही. एवढेच लक्षात घ्यावे, की 'स्थानिक लोकांचे मत' ही एकसंध वस्तू नसते. तेथेही सहा मतांचाच फरक असतो.

गाव ७१ अंश उत्तर अक्षांशावर आहे. ध्रुववृत्ताच्याही उत्तरेस सुमारे पाचशे किलोमीटर. २०२० च्या शिरगणतीत लोकवस्ती ४,९२७ भरली. त्यांतील बहुसंख्य इनुपिआत, म्हणजे ज्यांना आपण पूर्वी सरसकट 'एस्किमो' म्हणत असू त्यांपैकी. बाहेरून गावात येणारा रस्ता एकही नाही. माणसे विमानाने येतात, जड माल उन्हाळ्यात समुद्र मोकळा झाला म्हणजे तराफ्यांवरून येतो. मेच्या दुसऱ्या आठवड्यात उगवलेला सूर्य ऑगस्टच्या आरंभापर्यंत मावळत नाही. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात मावळला की जानेवारीच्या चौथ्या आठवड्यापर्यंत उगवत नाही. पायाखालची जमीन सुमारे चारशे मीटर खोलीपर्यंत कायमची गोठलेली. म्हणून रस्ते डांबरी नाहीत, खडीचे आहेत. घरे लाकडी खांबांवर उभी आहेत, कारण घराची ऊब जमिनीला लागली तर खालचा बर्फ वितळून घरच खचेल. पाण्याचे आणि सांडपाण्याचे नळ जमिनीखालच्या उबदार बोगद्यातून नेले आहेत. हा बोगदा १९८० च्या दशकात बांधला गेला.

पहिल्या दिवशी जो दिसतो तो चिखल, धूळ, अंगणात पडलेली मोडकी बर्फगाडी, फळीवर वाळत टाकलेले कातडे. रात्री अकरा वाजता मुले सायकली फिरवीत असतात. दुकानात दुधाचा भाव वाचून हात आपोआप मागे येतो. एवढ्यावर थांबणारा पाहुणा 'गलिच्छ गाव, महाग दुकाने' असे लिहून मोकळा होईल. भावाचे कारण वर आलेच आहे: दूध विमानाने येते. मोडकी गाडी अंगणात असते, कारण ती परत नेणारा रस्ता नाही आणि तिचा एखादा भाग पुढच्या हिवाळ्यात जीव वाचवील. ही कारणे डोळ्यांना दिसत नाहीत. ती विचारावी लागतात.

दुसऱ्या दिवशी 'नालुकाताक' हा उत्सव पाहायला मिळाला. वसंत ऋतूत ज्या नाविकांच्या तांड्याला देवमासा मिळाला, त्याचा प्रमुख आणि त्याची पत्नी जून महिन्यात साऱ्या गावाला जेवण घालतात. तांड्याचे निशाण उंच लावलेले असते. वाऱ्याला आडोसा म्हणून ताडपत्री बांधतात आणि गावकरी आपापल्या खुर्च्या व भांडी घेऊन ओळीने बसतात. पंगतच म्हणा ना! बदकाचे सूप येते, देवमाशाचे मांस येते, चरबीसकट कातडीचे तुकडे येतात. त्यांना 'माक्ताक' म्हणतात. मग पाव, चहा, संत्री आणि सफरचंदे. वाढणारी तरुण मंडळी प्रत्येकापुढे थांबतात आणि घरी राहिलेल्या म्हाताऱ्यांचा वाटा निराळा मागून घेता येतो. दाढीवाल्या सीलची कातडी शिवून केलेला मोठा गालिचा तीस-चाळीस माणसे कडेने ताणून धरतात आणि त्यावर उभ्या राहिलेल्याला आभाळात उडवितात. हा देवमासा विकता येत नाही. तो वाटायचाच असतो, आणि जो तांडा हात आखडता घेईल त्याला देवमासा पुन्हा आपणहून भेटणार नाही, अशी श्रद्धा आहे. मी शाकाहारी आहे हे कळल्यावर शेजारच्या आजीबाईंनी आपल्या वाट्याची दोन संत्री माझ्या हातावर ठेवली आणि विचारले, "तुमच्या गावी भाज्या समुद्रातून येतात का?" मी म्हणालो, "नाही, शेतातून येतात." त्या हसून म्हणाल्या, "मग तुमचे बरे आहे. आमचे शेत ते." आणि त्यांनी समुद्राकडे बोट केले.

हे सारे सुंदर आहे. पण सुंदर वाटले म्हणून ते योग्य ठरत नाही, तसेच एखाद्याला किळस आली म्हणून ते अयोग्यही ठरत नाही. खरा प्रश्न निराळा आहे. या गावाविषयीचे निर्णय दूरच्या कचेऱ्यांतून घेतले गेले तेव्हा काय झाले? तीन उदाहरणे देतो.

पहिले उदाहरण बदकांचे. १९१६ साली अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांच्या रक्षणासाठी तह झाला आणि १९१८ साली कायदा झाला. हेतू चांगलाच होता. शिकाऱ्यांनी पक्ष्यांचे थवेच्या थवे संपविले होते. कायद्याने मार्च ते सप्टेंबरच्या आरंभापर्यंत बदकांची शिकार बंद केली. दक्षिणेकडील राज्यांना हे सोयीचे होते, कारण तेथे शिकार थंडीच्या तोंडावर होते. पण ध्रुवसागराच्या काठी आयडर जातीची बदके येतात ती मे महिन्यात आणि परततात उन्हाळा सरता सरता. कायद्याने शिकार खुली होते तेव्हा बहुतेक थवे निघून गेलेले असतात. म्हणजे कायद्याचा अर्थ असा झाला, की दक्षिणेतील हौशी शिकाऱ्याने बदक मारावे आणि ज्याचे पोट त्यावर आहे त्याने मारू नये. कायदा करणाऱ्यांच्या मनात दुष्टावा नव्हता. त्यांच्यापुढे एकच पंचांग होते, आणि ते त्यांच्या गावचे होते.

अनेक वर्षे हा कायदा तेथे कोणी बजावला नाही. १९६१ साली सरकारी अधिकाऱ्यांनी तो बजावण्यास सुरुवात केली आणि जॉन नुसुंगिन्या या इनुपिआत आमदाराला बदक मारल्याबद्दल पकडले. त्यावर गावाने जे केले ते आपल्याला अगदी ओळखीचे वाटेल. १३८ माणसे प्रत्येकी एक बदक हातात घेऊन अधिकाऱ्यापुढे हजर झाली आणि 'आम्हीही कायदा मोडला आहे, आम्हालाही पकडा' असे म्हणाली. एवढ्या माणसांना ठेवायचे कोठे, हाच अधिकाऱ्यापुढे प्रश्न पडला. अखेर खटले मागे घ्यावे लागले. दांडीला मीठ उचलले त्याला तेव्हा एकतीस वर्षे झाली होती. पद्धत तीच. कायदा लेखी बदलून वसंतातील शिकारीला रीतसर मुभा मिळण्यास मात्र २००३ साल उजाडावे लागले.

दुसरे उदाहरण देवमाशांचे, आणि ते अधिक गुंतागुंतीचे आहे. या समुद्रातील देवमासा 'बोहेड' जातीचा. डोके धनुष्यासारखे, वजन पन्नास-साठ टनांपर्यंत. इनुपिआत लोक शतकानुशतके त्याची शिकार करीत आले. १८४८ साली टॉमस रॉइस नावाचा अमेरिकन कप्तान आपले जहाज बेरिंगच्या सामुद्रधुनीतून उत्तरेस घेऊन गेला आणि त्याच्यामागून जहाजांची रांग लागली. दिव्यांना तेल हवे होते, बायकांच्या कंबरपट्ट्यांना आणि छत्र्यांना देवमाशाच्या तोंडातील लवचिक पट्ट्या हव्या होत्या. साठ-सत्तर वर्षांत हा प्राणी जवळजवळ संपला. तो संपविला व्यापाराने. पुढे १९७७ साली आंतरराष्ट्रीय देवमासा आयोगाने बंदी घातली ती मात्र इनुपिआत लोकांच्या शिकारीवर.

आयोगाचा आधार शास्त्रज्ञांची मोजणी हा होता. वसंतात बर्फाला जी लांब भेग पडते तिच्या काठावर बसून, त्या मोकळ्या पाण्यातून जाणारे देवमासे मोजीत. त्यावरून एकूण संख्या फार तर दोन-तीन हजार, कदाचित त्याहूनही पुष्कळ कमी असावी असा अंदाज निघाला. शिकारीत जखमी होऊन निसटणाऱ्या देवमाशांची संख्याही त्या सुमारास वाढली होती. तेव्हा शास्त्रज्ञांची काळजी निराधार नव्हती, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे.

पण तांड्यांच्या प्रमुखांचे म्हणणे असे होते: 'तुम्ही फक्त भेगेतून जाणारे मोजता. पुष्कळसे देवमासे तेथून दूर, बर्फाखालून जातात. डोक्याने बर्फ फोडून श्वास घेतात आणि पुन्हा बुडतात. भेग मिटली म्हणून देवमासे थांबत नाहीत.' हॅरी ब्राउअर या वृद्ध आणि अनुभवी तांडाप्रमुखाने हे टॉमस अल्बर्ट या पशुवैद्य-संशोधकाला समजावून सांगितले. अल्बर्ट यांनी ते ऐकले, आणि माझ्या मते या साऱ्या प्रकरणातील सर्वांत मोलाची गोष्ट हीच. बर्फाखाली पाण्यात ध्वनिग्राहक यंत्रे सोडण्यात आली. जेथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तेथून देवमाशांचे आवाज येऊ लागले. विमानांतूनही पाहणी झाली. मोजणीची पद्धतच बदलली. २००१ साली संख्या दहा हजारांहून अधिक असल्याचा अंदाज निघाला, २०११ साली सोळा हजारांहून अधिक. यांतील काही वाढ खरोखरीची होती, कारण प्राणी पुन्हा वाढत होता. पण जुना आकडा मुळातच अपुरा होता हेही सिद्ध झाले.

दरम्यान गावांनी काय केले? त्यांनी १९७७ सालीच तांडाप्रमुखांचा स्वतःचा आयोग स्थापन केला. पुढच्या वर्षासाठी सर्व गावांना मिळून बारा देवमासे आणण्याची किंवा अठरांवर वार करण्याची मर्यादा पडली, ती त्यांनी रागारागाने का होईना, स्वीकारली. हत्यारे सुधारली, निसटणाऱ्यांचे प्रमाण कमी केले, मोजणीत स्वतः भाग घेतला. २०१८ साली ठरलेल्या व्यवस्थेप्रमाणे वर्षाला जास्तीत जास्त ६७ वारांची मर्यादा आहे आणि अलास्कातील अकरा गावे ती आपसांत वाटून घेतात. 'आमचे पूर्वज सांगून गेले, तुमचे शास्त्र ठेवा बाजूला' असे ते म्हणाले नाहीत. 'आमचे म्हणणे तुमच्या यंत्राने तपासून पाहा' असे ते म्हणाले. दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे आहे आणि त्यात माणसांऐवजी यंत्र दोषी आहे. उत्किआग्विकच्या वेशीबाहेर १९७३ पासून हवेचे निरीक्षण करणारे सरकारी केंद्र आहे. तपमानाच्या नोंदी तर त्याहून जुन्या. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेच्या हवामान खात्यातील मंडळींनी महिन्याचा अहवाल तयार करताना पाहिले, तर उत्किआग्विकचे आकडेच गायब! शोध घेतल्यावर उलगडा झाला. सदोष नोंदी आपोआप वगळण्यासाठी संगणकाला एक पद्धत शिकविलेली होती. एखाद्या केंद्राचे आकडे आजूबाजूच्या केंद्रांपेक्षा एकाएकी फार निराळे आले, तर तेथील उपकरण बिघडले असावे किंवा हलविले असावे असे मानून ते आकडे बाजूला ठेवायचे. येथे उपकरण शाबूत होते. समुद्रावरचा बर्फ शरद ऋतूत उशिरा धरू लागल्यामुळे गावच खरोखर इतके तापले होते. ऑक्टोबरचे सरासरी तपमान गेल्या शतकाच्या अखेरच्या दोन दशकांच्या मानाने चार अंश सेल्सियसहून अधिक चढले होते. जागेवरचा तपमापक खरे सांगत होता आणि दूरच्या यंत्राला ते खरे वाटेना.

यंत्राची चूक माणसांनी ओळखली आणि जाहीरही केली, हे त्यांच्या लौकिकास शोभणारे झाले. पण गावातल्या कोणाला ते संगणकाकडून कळण्याची वाट पाहावी लागली नव्हती. गोठलेल्या जमिनीत खणलेल्या तळघरांत पिढ्यान्‌पिढ्या देवमाशाचे मांस साठविले जाते. त्यांतील काही तळघरांत आता पाणी साचते. किनारा ढासळतो आहे. त्यांच्या भाषेत किनाऱ्याला घट्ट धरून राहणाऱ्या बर्फाला 'तुवाक' असा खास शब्द आहे, बर्फातील मोकळ्या पाण्याच्या वाटेला 'उइनिक', आणि समुद्रावरचा बर्फ लोटला जाऊन किनाऱ्यावर चढतो त्याला 'इवु'. शिकारीला गेलेल्या तांड्याचा जीव या शब्दांच्या अचूक ज्ञानावर अवलंबून असतो. तुवाकचा भरवसा पूर्वीइतका राहिला नाही हे त्यांनी पायांनी जाणले.

आता या विचारावर जे आक्षेप येतील त्यांचा परामर्श घेतला पाहिजे. आपल्या चर्चामंडळात मी हा विषय मांडला असता तर ते नक्कीच आले असते.

पहिला आक्षेप असा, की स्थानिक लोक म्हणतील ते सारे खरे मानायचे काय? तसे असेल तर आपल्याकडील अंधश्रद्धांनाही हात लावता येणार नाही. आक्षेप रास्त आहे. परंतु मी 'माना' असे म्हणत नाही, 'विचारा' असे म्हणतो. विचारल्यावर तपासावे. बोहेड देवमासा माणसाच्या दोन आयुष्यांइतका जगतो असे वृद्ध इनुपिआत सांगत. ऐकणाऱ्याला ती दंतकथा वाटावी. १९९९ साली डोळ्याच्या भिंगावरून वय काढण्याचे संशोधन प्रसिद्ध झाले आणि काही देवमासे शंभर वर्षांपलीकडचे, एक तर दोनशेहून अधिक वर्षांचा असल्याचे अनुमान निघाले. २००७ साली एका देवमाशाच्या अंगात एकोणिसाव्या शतकातील भाल्याचा तुकडा सापडला. दंतकथा तपासली तेव्हा ती नोंद निघाली. एखादी तपासल्यावर खोटीही निघेल. पण न तपासता फेकून देणे हे शास्त्र नव्हे.

दुसरा आक्षेप. ही मंडळी आता मोटारबोटी वापरतात, बर्फगाड्या वापरतात, मग परंपरा कसली? वसंतातील शिकारीला अजूनही सीलच्या कातड्याची नाव वापरतात आणि तिची शिवण स्त्रिया घालतात. शरद ऋतूत मात्र धातूची मोटारबोट असते. पण आपल्या शेतकऱ्याने मोटेऐवजी पंप बसविला म्हणून तो शेतकरी राहिला नाही असे आपण म्हणतो काय? परंपरा हत्यारात नसते, वाटून खाण्याच्या नियमात असते, हे मी त्या पंगतीत पाहिले.

तिसरा आक्षेप अहिंसेचा. तो माझ्या स्वतःच्या मनातलाही आहे. एवढा मोठा, दीर्घायुषी, बुद्धिमान प्राणी मारणे मला रुचत नाही आणि रुचेल असेही वाटत नाही. पण ७१ अंश अक्षांशावर धान्य पिकत नाही. तेथे माझा शाकाहार विमानाने येतो, आणि त्या विमानाच्या इंधनाचा धूर अखेर त्याच बर्फाला वितळवितो. अहिंसेचा हिशेब मांडायचा तर तो पुरता मांडावा, अर्धा मांडू नये.

याला जोडून आणखी एक विसंगती सांगितली पाहिजे. १९६८ साली जवळच्या प्रूडो उपसागराकाठी खनिज तेलाचा प्रचंड साठा सापडला. १९७२ साली इनुपिआत लोकांनी एबेन हॉप्सन यांच्या नेतृत्वाखाली आपले नगरशासन स्थापन केले आणि तेलावर कर बसवून शाळा, पाणी, दवाखाने, इतकेच काय, देवमाशांची मोजणी करणारे खातेही चालविले. म्हणजे जे तेल जळून बर्फ वितळतो त्याच तेलाच्या पैशांतून बर्फाचा अभ्यास होतो. तीन दिवसांचा पाहुणा 'ढोंग!' असे म्हणून मोकळा होईल. गावातील माणसाला मात्र याच विसंगतीत मुले वाढवायची असतात, आणि तिच्यावर सर्वांत कडक वाद गावातच होतात.

शिक्षणाविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही. एके काळी तेथील मुलांना वरच्या वर्गांसाठी दीड-दोन हजार किलोमीटर दूर सिटकासारख्या ठिकाणच्या वसतिगृही शाळांत पाठवावे लागे, आणि अलास्कातील अनेक शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल मुलांना शिक्षा होत असे. तुवाक आणि उइनिक हे शब्द शिकण्याच्या वयात ती मुले समुद्रापासून दूर होती. आज नव्या पिढीत इनुपिआक सहज बोलणारे थोडे आहेत. पण याच किनाऱ्यावरच्या काक्तोविक गावातील शाळकरी मुलांनी १९९४ साली एक नवल केले. इनुपिआक भाषेत मोजणी विसाच्या पटीत होते, आपल्याकडील जुन्या बायका विसाच्या हिशेबाने मोजीत तशीच. दहाच्या अंकांनी ती नीट लिहिता येईना. तेव्हा मुलांनी शिक्षकाच्या साहाय्याने विसाच्या पद्धतीचे स्वतःचे अंक तयार केले. २०२२ साली त्या अंकांना संगणकाच्या जागतिक लिपिसंचात स्थान मिळाले. अशा वेळी मुलांना नवे अंक करू देणारा शिक्षक मला फार मोठा वाटतो. 'तुमची भाषा गणिताला अपुरी आहे' असे म्हणून तो गप्प बसू शकला असता.

आता आपल्याकडे वळतो. आपल्या महाविद्यालयात राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर दरवर्षी सात दिवस एखाद्या खेड्यात भरते. श्रमदान होते, पाहणी होते आणि शेवटी अहवाल लिहिला जातो. त्या अहवालांत 'ग्रामस्थांत जागृतीचा अभाव आहे' हे वाक्य हमखास असते. माझे विद्यार्थ्यांना आणि सहकारी प्राध्यापकांना विचारणे आहे: हे वाक्य ज्यांच्याविषयी लिहिले त्यांना ते कधी वाचून दाखविले काय? शेतकरी विहिरीजवळ खत का टाकतो, बाई सरकारी नळाऐवजी ओढ्यावर का जाते, मुलगा सुगीच्या दिवसांत शाळेत का येत नाही, याला कारण असेल किंवा केवळ सवय असेल. पण विचारल्यावाचून कसे कळणार? सात दिवस तीनपेक्षा अधिक आहेत, एवढेच. मोजणाऱ्याने भेगेच्या काठावर बसावे हे ठीक. बर्फाखालून काय जाते ते राहणाऱ्याला ठाऊक असते.

म्हणून माझी एक साधी सूचना आहे. यापुढे शिबिराचा अहवाल प्राचार्यांकडे जाण्यापूर्वी तो गावच्या चावडीवर किंवा देवळात, गावकऱ्यांच्या भाषेत, मोठ्याने वाचला जावा. वाचून झाल्यावर जो कोणी उठून 'हे असे नाही' म्हणेल त्याचे म्हणणे अहवालाच्या शेवटी त्याच्याच शब्दांत लिहावे. आपल्याला पटो वा न पटो. शिबिराचा खर्च त्याने वाढणार नाही. एक संध्याकाळ तेवढी जास्त द्यावी लागेल.